हळू सोडलेलं पाणी

माझ्या प्रिय पोरी,

परवा तुला फोन केला होता. तू उचलला नाहीस, आणि खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. फोनवर आपण दोघी फार वाईट बोलतो. तू तब्येत विचारतेस, मी बरी आहे म्हणते. मी जेवलीस का विचारते, तू हो म्हणतेस. मग दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसतो आणि शेवटी मी कुणीतरी गिऱ्हाईक आलंय असं खोटंच सांगून फोन ठेवते. कागदावर निदान मधेच ठेवून द्यायची सोय नाही. म्हणून बेकरी दुपारची बंद केली, पुढच्या खोलीतलं पिठाचं टेबल स्वच्छ पुसलं आणि त्यावर हे लिहायला बसले. हात चांगले तीनदा धुतले, तरी कागदाला कडेला पीठ लागलंच आहे. चालवून घे.

इकडचं सगळं ठीक. मोठी भट्टी मधे तडकली होती, ती बांधून घेतली. आता डाव्या बाजूचे पाव जरा जास्तच भाजतात, पण काही गिऱ्हाइकं तेच मागून नेतात, त्यामुळे मी तक्रार करत नाही. बाबा अजून पहाटे उठून पीठ स्वतःच मळतात. यंत्र आणू म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करतात. वीजघरातली मंडळी शिफ्ट सुटली की येतात. तुझ्या जागी आलेली मुलगी बोलकी आहे, तुझ्यासारखी नाही. तू पहिले कित्येक महिने बोटानं पाव दाखवायचीस, पैसे ठेवायचीस आणि निघून जायचीस. बाबा तुला वीजबाई म्हणायचे. वीजबाई आज रागात दिसते, वीजबाईला आज दोन पाव दे. तुला वाटायचं आम्हाला कळत नाही, पण तुझ्या चेहऱ्यावरून रात्रपाळी कशी गेली ते आम्हाला बरोबर कळायचं.

माझ्या लेकाशी तुझी ओळख झाली तो दिवस मी कितीदा आठवते त्याला हिशेब नाही. वीजघराच्या फाटकापाशी हा भिजलेल्या बुटांनी उभा, हातात बादली आणि बादलीत नखाएवढी मेलेली पिल्लं. मत्स्यखात्यानं त्याला नदीवर नेमून नुकता महिना झाला होता. काम काय, तर तुम्ही मशिन बंद केलीत की नदी एकदम उतरते, गोट्यांमधल्या खळग्यांत माशांची पिल्लं अडकतात, ती मोजायची. मोजायचा पगार होता. उचलून पुन्हा वाहत्या पाण्यात सोडायचा नव्हता, ते हा आपल्या मनानं करायचा. त्या दिवशी त्याला पोचायला उशीर झाला आणि खळगा कोरडा पडला. तो रागानं बादली घेऊन थेट तुमच्या फाटकाशी गेला की मशिन बंद करणाऱ्या माणसाला मला भेटायचंय. आणि आलीस तू. तू म्हणे बादलीत बघितलंस, त्याच्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, मला कुणी सांगितलंच नाही असं होतं म्हणून. घरी येऊन तो मला हे सांगत होता तेव्हाच मला कळलं की हा पोरगा गेला हातचा. राग कुठच्या कुठे पळाला होता. मला विचारतो कसा, आई, ती कुठला पाव नेते गं?

लग्नानंतर तुम्ही वरच्या खोलीत राहायला आलात आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर नदीशिवाय दुसरा विषय राहिला नाही. मला त्यातलं तोवर ओ का ठो कळत नव्हतं. नदी म्हणजे नदी, वाढते, उतरते. तुम्ही दोघांनी मीठ-मिरपुडीच्या डब्या मांडून मला समजावलं. शहरातले लोक संध्याकाळी दिवे लावतात, तेवढ्यापुरती मशिन जोरात चालवायची, म्हणजे खाली एकदम पूर. लोक झोपले की मशिन बंद, म्हणजे नदी ओसाड. नदीला रोज असं छाती फुटेपर्यंत पळवायचं आणि मग एकदम उभं करायचं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की हेच पाणी तुम्ही हळूहळू सोडा आणि हळूहळू कमी करा, थोडं कायम वाहतं ठेवा. पिल्लांना सरकायला वेळ मिळू द्या. तू म्हणायचीस, मला पटतं रे, पण माझ्या हातात बटण आहे, हुकूम नाही. हुकूम शहरातल्या कंट्रोलमधून येतो. मग तो म्हणायचा, ठीक आहे, तू बंद कर, मी वेचतो, असाच संसार करू. बाबा हसून हसून खोकायचे. त्याला मासेमास्तर म्हणायचे. त्या टेबलावर इतकं हसू होतं, पोरी, की आता तिथे जेवायला बसवत नाही. आम्ही दोघं स्वयंपाकघरातच ओट्यापाशी जेवून घेतो.

तो रविवार. मला त्याबद्दल लिहायचं नव्हतं, पण त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. रविवारी कारखाने बंद, विजेला मागणी नाही, म्हणून मशिन पहाटेपासून बंदच होती, संध्याकाळपर्यंत बंद राहणार होती. तू शिफ्टवर होतीस. तो जाताना मला म्हणाला, पुलाच्या वरच्या अंगाला जातो. तुलाही तेच सांगून गेला होता. वरचं उरकल्यावर तो खालच्या बेटावर गेला, कारण तिथले खळगे मोठे आणि पिल्लांच्या वाढीचे दिवस. मग कुठेतरी लांब, ज्याच्याशी आपला काही संबंध नाही अशा एका वीजघरात बिघाड झाला आणि तुला हुकूम आला की दोन्ही मशिन आत्ताच्या आत्ता पूर्ण चालव. तू विचारलंस, पाणी हळूहळू वाढवू का. ते म्हणाले, शहर अंधारात आहे, दवाखाने अंधारात आहेत. तू भोंगा वाजवलास. नियमात होतं तेवढं थांबलीस. आणि पाणी सोडलंस.

भोंगा मीही ऐकला. आम्हाला त्याची इतकी सवय होती की मी मान वरसुद्धा केली नाही. खालच्या वळणावर वारा उलटा असला की तो ऐकू जात नाही, हे नंतर सगळ्यांना आठवलं. पुलावर एक ट्रकवाला गाडीत पाणी घालायला थांबला होता, त्यानं पाहिलं. तो सांगतो, बेटावरच्या माणसानं पाणी येताना बघितलं, आधी हातातली बादली प्रवाहात रिकामी केली आणि मग पळाला. मी त्या बादलीवर किती रागावले असेन. टाकून द्यायची होती रे बाबा, जागच्या जागी टाकून द्यायची होती. पण तसं करणारा तो नव्हता, आणि तसा असता तर फाटकाशी बादली घेऊन गेलाही नसता आणि तू आमच्या घरी आलीही नसतीस. विचार करत गेलं की असं कुठेतरी येऊन मी अडकते.

पाणबुडे आले, उतरले, वर आले. वळणाखालच्या डोहात तळाला झाडांच्या खोडांचा गुंता आहे, तिथे जाणं जिवावरचं आहे, म्हणाले. काही दिवसांनी शोधणं थांबलं. चौकशी झाली आणि तुझी काहीच चूक नाही असा निर्णय आला. तू तो ऐकून घेतलास आणि घरी येऊन भांडी घासायला बसलीस. स्वच्छ असलेली भांडी काढून पुन्हा घासलीस. मी तुझ्या शेजारी बसले होते, आठवतं? मी तेव्हा जे म्हणाले तेच आजही म्हणते, तू नियमानं वागलीस, नियमच माणसाला पुरे पडत नव्हता. पण माझ्या म्हणण्यानं तुझं पोट कधी भरलं नाही, कारण तुला ते बाबांच्या तोंडून हवं होतं. आणि बाबा बोलेनात. ते तुला वाईट बोलले नाहीत, घालूनपाडून एक शब्द नाही. नुसते बोलायचे थांबले. तू पुढच्या दारानं आलीस की ते मागे भट्टीपाशी जायचे. तुझा पाव बाजूला काढून ठेवायचे मात्र रोज. मी त्यांच्याशी भांडले, रडले, शेवटी दमले. त्यांना विचारलं की म्हणायचे, तिला बघितलं की मला भोंगा ऐकू येतो, मी काय करू.

आणि तू त्या सगळ्यातून रोज कामावर गेलीस. त्याच खोलीत, त्याच बटणांच्या पटलासमोर. लोक म्हणायचे, दगडाची आहे. मला माहीत होतं तू कशासाठी जातेस. त्यानं मोजलेले आकडे घेऊन तू साहेबांकडे गेलीस, त्यांच्या साहेबांकडे गेलीस, मत्स्यखात्याच्या माणसांना आणून बसवलंस, शहरातल्या कंट्रोलवाल्यांना नदीत उभं करून गोटे दाखवलेस. एकदा बैठकीहून आलीस तेव्हा म्हणालीस, आई, ते म्हणतात हळू सोडलं तर नुकसान होतं. मग त्यांना काय सांगितलंस विचारलं तर म्हणालीस, नुकसान किती होतं ते मी विचारून घेतलं, मग माझं सांगितलं. त्या दिवशी तू पहिल्यांदा माझ्यासमोर रडलीस. वर्षं गेली त्यात. ज्या आठवड्यात नवा नियम मंजूर झाला त्याच आठवड्यात तू राजीनामा दिलास आणि दोन बॅगा घेऊन गेलीस. मी तुला अडवलं नाही. तो नियम नदीवर कसा चालतो ते बघायलाही तू थांबली नाहीस, म्हणून मीच सांगते.

आता आधी थोडं पाणी येतं. गोट्यांच्या कडा ओल्या होतात, बेटाच्या टोकाला पाणी जीभ लावल्यासारखं लागतं, आणि तेवढ्यावर बराच वेळ थांबतं. मग थोडं आणखी. खालच्या वळणावर वेगळा भोंगा बसवलाय, शिवाय लाल दिवा. बंद करतानाही तसंच, उतरतंय हे डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पिल्लांच्या दिवसांत तर आणखी सावकाश. बगळ्यांची फार पंचाईत झालीय. पूर्वी मशिन बंद झाली की ते खळग्यांभोवती पंगतीला बसायचे, आता कोरड्या गोट्यांवर नुसते उभे असतात, निवृत्त माणसांसारखे.

मागच्या हंगामात मी पलीकडच्या वस्तीला पाव पोचवून नदीकाठानं येत होते. खालच्या बेटावर एक कुटुंब बसलं होतं. चादर अंथरलेली, म्हातारे आजोबा, आई-बाप, दोन मुलं. बाहेरगावचे असावेत, कारण आपल्याकडचं कुणी तिथे बसत नाही. आणि भोंगा झाला. माझ्या हातून पावाची हातगाडी कलंडली. मी काठावर जाऊन ओरडायला लागले, काय ओरडत होते मलाच माहीत नाही. त्या माणसानं माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. मुलाची चप्पल भिजली होती. त्यानं चादर गोळा केली, धाकटीला कडेवर घेतलं, आजोबांना हात दिला आणि घोट्याएवढ्या पाण्यातून चालत सगळे काठावर आले. मला म्हणतो, मावशी, एवढं ओरडताय कशाला, पाणी हळूच तर येतंय. त्याची बायको बूट ओले झाले म्हणून कुरकुरत होती. मी होय म्हणाले आणि दगडावर बसले. पोरी, मला आनंद व्हायला हवा होता. पण मला त्यांचा इतका राग आला की मान वर करवेना. त्यांच्या ओल्या बुटांचा राग आला. माझाही असाच आला असता, बूट भिजले म्हणून बडबडत, आणि मी त्याला वर्तमानपत्राचे बोळे दिले असते बुटांत कोंबायला. मग ते लोक गेले, बेट पाण्याखाली गेलं आणि मी तिथे बसून पुष्कळ रडले. नंतर राग गेला. मुलीनं जाताना मला हात केला होता, ते नंतर आठवलं.

बाबांचं तुला ठाऊक आहे. तो गेल्यापासून मशिन बंद व्हायच्या वेळेला ते त्याच्या बादल्या घेऊन नदीवर जातात, खळग्यांतली पिल्लं वेचून प्रवाहात सोडतात. गुडघे दुखतात तरी जातात. कुणी सोबत आलेलं चालत नाही. नवा नियम लागला तरी ते जात राहिले. एक दिवस लवकर परतले. बादली कोरडी. मी विचारलं तर म्हणाले, काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे कितीतरी दिवस ते रिकामी बादली घेऊन परत आले आणि मला वाटलं, आता हा माणूस खचतो, कारण तेवढंच एक काम त्यांना मुलासाठी करता येत होतं. एका दुपारी त्यांनी बादली धुतली, उलटी घातली आणि मला विचारलं, हे पाणी असं हळू तिनंच करून घेतलं ना? मी हो म्हणाले. ते बराच वेळ त्या उलट्या बादलीवर बसून राहिले. मी त्यांना एकटं सोडलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तू मागितलेलं शेवटचं काम, वळणाखालचा छोटा बंधारा, त्याचं बांधकाम सुरू झालंय. वरून पाणी कसंही आलं तरी तिथे साठेल आणि खाली नदी एकसारखी वाहील, तू समजावलं होतंस तसं. पायासाठी त्यांनी नदी बाजूनं वळवली आणि डोह उपसला. तळाशी खोडांचा गुंता मोकळा केला तेव्हा तो तिथे होता. तिथल्या इंजिनिअरनं काम लगेच थांबवलं आणि स्वतः बेकरीत आला. टोपी काढून उभा राहिला, मला वाटलं पावाची ऑर्डर द्यायला आलाय. मग दवाखान्यातून बाई आल्या, माझ्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेऊन गेल्या. काल उत्तर आलं. तोच आहे, पोरी. आपला सापडला. घरापासून एवढ्या जवळ होता. डॉक्टरांनी विचारलं की ताब्यात कधी घेता, पुढचं कधी करायचं, आणि मी काही बोलायच्या आत बाबा बोलले. म्हणाले, आमची सून यायची आहे. ती आल्याशिवाय काही करायचं नाही, तिचा हक्क पहिला. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, आम्ही ठेवतो. येताना सबंध रस्ता बाबांनी माझा हात सोडला नाही. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं, म्हणून पत्र. हे घेऊन तुझ्या जागी आलेली मुलगीच तुझ्याकडे येईल, तिला मी विनंती केलीय. वाचताना तू एकटी नसावीस. झेपेल तेव्हा नीघ, घाई करू नकोस, आम्ही थांबलोय. वरची खोली झाडून ठेवलीय. स्टँडवर तुला न्यायला बाबा येणार आहेत, मला येऊ नको म्हणाले. ते काही बोलले नाहीत तर मनाला लावून घेऊ नकोस. पहिलं वाक्य त्यांना फार जड जाणार आहे. तूच सुरुवात कर.

तुझीच, आधी होते तशीच,
आई